उस्ताद मन्सूरची शबीह

मागच्या पावसाळ्यात मधल्या सुट्टीत एक पालक भेटायला आले. भला माणूस, सलाम करून बाकावर बसले. हातात मुलीची उर्दूची वही होती. शेवटच्या पानावर मुलीने पेन्सिलने मांजर काढलं होतं. पाठ वाकवून पंजा चाटत बसलेलं. त्यांनी ते पान माझ्यापुढे धरलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सर, बच्ची पढाई में अच्छी है, उसकी कुछ शिकायत नहीं. बस, जानदार की तस्वीर मत बनवाओ उससे. फूल-पत्ते बनवाओ ना."

मी काही मुफ्ती नाही. त्यांच्या बोलण्यामागे काय आहे ते मात्र मला ठाऊक होतं, कारण मीही त्याच घरांत वाढलो. आमच्या भिंतीवर काबागृहाचं चित्र होतं, कॅलेंडर होतं, माणसाची तसबीर नव्हती. चित्रांवर पोट असलेल्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास यांनी दिलेला सल्ला आम्ही मदरशात ऐकला होता. काढायचंच असेल तर झाड काढ, ज्यात रूह नाही ते काढ, असा त्याचा आशय. फूल-पत्ते तिथून आले. त्या दिवशी मी "बघतो" एवढंच म्हणालो आणि घंटा झाली.

मी भाषा शिकवतो. त्यामुळे कुठलाही पेच पडला की मी आधी शब्दांकडे जातो. मराठी घरात आजोबांचा हार घातलेला फोटो 'तसबीर' असतो, तो आपला 'तस्वीर'च. 'नक्षी' हा आपल्या 'नक्श'चा शेजारी. आणि तस्वीर करणारा तो मुसव्विर. अडचण इथेच आहे, कारण 'अल-मुसव्विर' हे अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांपैकी एक. आकार देणारा तो. माणसाने त्याची बरोबरी करू नये, ही त्या मनाईमागची धास्ती. ती मला आजही क्षुल्लक वाटत नाही.

पण याच शब्दांच्या घराण्यात आणखी एक शब्द आहे, 'शबीह'. शबीह म्हणजे सारखेपणा, समोर जे आहे त्याच्याशी मिळतंजुळतं रूप. चारशे वर्षांपूर्वी एका बादशहाने हा शब्द एका जनावराच्या चित्रावर लिहिला. त्या चित्रापासून सुरुवात करतो.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एक लहानसं चित्र आहे. त्यात एक झीब्रा एकटाच, कुशीकडून दिसेल असा उभा आहे. तोंडाला मोरकी आहे. मागे डोंगर नाहीत, दरबार नाही, शिकारी नाहीत. कडेला फारसीत जहांगीरच्या हातचा मजकूर आहे. त्याचा मथितार्थ असा: मीर जाफरबरोबर रूमी लोकांनी हबश देशातून आणलेलं हे खेचर, याची शबीह नादिर-उल-अस्र उस्ताद मन्सूरने काढली. साल हिजरी १०३०, म्हणजे इसवी १६२१.

खेचर! कारण या प्राण्याला आपल्याकडे नावच नव्हतं. जहांगीरने आत्मचरित्रात त्याला रानगाढव म्हटलं आहे. नाव माहीत नसलेल्या वस्तूचं वर्णन आपण कसं करतो, तसंच तो करतो: वाघासारखे पट्टे, पण वाघाचे काळे-पिवळे, याचे काळे-पांढरे. नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंत, कानापासून खुरापर्यंत आखलेले, जागेप्रमाणे कुठे रुंद, कुठे बारीक. डोळ्याभोवतीची रेघ तर फारच नाजूक. दरबारातल्या काही जणांना शंका आली की हे जनावर रंगवून आणलंय. मग नीट तपासणी झाली आणि पट्टे जन्माचे निघाले. बनवणारा तोच, सगळ्यांना बनवणारा. नंतर हा झीब्रा इराणच्या शाह अब्बासकडे नजराणा म्हणून रवाना झाला. आग्र्याकडे राहिली ती शबीह.

आता त्या मुलीच्या वडिलांचा प्रश्न आणि दरबारातली ही तपासणी शेजारी ठेवून पाहा. दरबाराला भीती होती ती माणसाने जनावराला रंग लावल्याची. ती भीती फिटल्यावरच मन्सूरला बोलावणं गेलं असं मला वाटतं, आणि त्याने एकही पट्टा पदरचा घातला नाही. मांडीवर पट्टे रुंद होतात, पायावर आडवे वळतात, मानेवरचे आयाळीत चढतात. ज्याने झीब्रा कधी पाहिला नाही तो हे कल्पनेने काढू शकत नाही. त्याच्या हातून वाघाचं कातडं पांघरलेलं गाढव निघेल.

कल्पनेने काढलं की काय होतं याचं जगप्रसिद्ध उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरून गेलेलं आहे. गुजरातचा सुलतान मुजफ्फर शाह याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. १५१५ च्या जानेवारीत तो गोव्याहून जहाजात चढला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. पुढच्या वर्षी तो पोपकडे पाठवताना जहाज बुडालं आणि गेंडाही गेला. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूररने हा गेंडा कधीच पाहिला नाही. कुणाचं वर्णन, कुणाचं रेखाटन यावरून त्याने त्याचा लाकडी ठसा बनवला. अंगावर लोखंडी चिलखतासारखे पत्रे ठोकलेले, खांद्यावर एक जादा छोटं शिंग. ड्यूरर फार मोठा कलावंत होता, त्याबद्दल वाद नाही. पण पुढची अडीचशे वर्षं युरोपातली पुस्तकं ते जादा शिंग छापत राहिली. ऐकीव गोष्ट सुंदर हाताने काढली की ती आणखी घट्ट बसते.

जहांगीरला हा फरक कळत होता, आणि त्याने तो लिहूनही ठेवलाय. १६१२ ची गोष्ट. त्याने मुकर्रबखानाला गोव्याच्या बंदरावर पाठवलं होतं. फिरंग्यांकडे जे नवलाचं दिसेल ते घ्या, किमतीकडे बघू नका, असा हुकूम होता. खान परतला तेव्हा त्याच्याबरोबर काही प्राणी-पक्षी होते. त्यातला एक टर्की कोंबडा, अमेरिकेचा पक्षी, पोर्तुगिजांच्या जहाजातून गोव्यात आलेला. बादशहाने त्याला निरखून निरखून पाहिलं. लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान. माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवून नाचतो. डोक्याची-गळ्याची कातडी घटकेत पोवळ्यासारखी लाल, घटकेत कापसासारखी पांढरी, घटकेत फिरोजी. चोचीवर लोंबणारा मांसाचा तुकडा हत्तीच्या सोंडेसारखा वीतभर लांब होतो आणि आवळला की गेंड्याच्या शिंगासारखा बोटभर उभा राहतो. डोळ्याभोवतीचा फिरोजी रंग तेवढा बदलत नाही, हेही त्याने टिपलं. आमच्या शाळेत विज्ञानाच्या वहीत इतकं निरीक्षण कुणी लिहिलं तर मी त्याला पैकीच्या पैकी देईन.

आणि याच ठिकाणी तो पणजोबांवर टीका करतो. बाबरने हिंदुस्थानातल्या प्राण्यांची वर्णनं लिहिली, छान लिहिली, पण चितारींना त्यांची चित्रं काढायला लावली नाहीत. मी वर्णनही लिहितो आणि जहांगीरनाम्यात चित्रंही काढवून घेतो, म्हणजे ऐकून जेवढं नवल वाटेल त्यापेक्षा पाहून जास्त वाटेल. त्या टर्कीचं मन्सूरच्या हातचं चित्रही लंडनच्या त्याच संग्रहालयात आहे.

हा मन्सूर कुठला, कुणाचा मुलगा, कधी वारला, याबद्दल इतिहास जवळजवळ गप्प आहे. अकबराच्या कारखान्यात तो होता. बाबरनाम्याच्या फारसी तर्जुम्याची जी सचित्र प्रत तिथे तयार झाली, तिच्यात प्राण्यांच्या पानांवर त्याचं नाव सापडतं. म्हणजे पणजोबांनी अर्धवट सोडलेलं काम त्याच्याच हातून पुरं होत आलं होतं. जहांगीरच्या काळात तो उस्ताद झाला, नादिर-उल-अस्र झाला, युगातलं आश्चर्य. १६२० मध्ये बादशहाबरोबर काश्मीरला गेला तेव्हा त्याने तिथल्या शंभरावर फुलांची चित्रं काढली, असं जहांगीर लिहितो. म्हणजे फूल-पत्तेही याच हाताने काढले होते!

काम कसं चालायचं ते थोडं सांगतो. जिवंत जनावर एका जागी राहत नाही, त्यामुळे आधी भराभर रेखाटन. मग गारगोटीने घोटून गुळगुळीत केलेल्या कागदावर ती आकृती उतरवायची, त्यावर पातळ पांढऱ्याचा हात, त्यावर रंगाचे थर. प्रत्येक थरानंतर कागद पालथा टाकून मागून पुन्हा घोटायचा. शेवटची बारीक कामं खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने, ज्याचं टोक एका केसावर येतं. इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात मन्सूरचा एक सरडा आहे, रंग बदलणारा, फांदीला शेपटीचा विळखा घातलेला. त्याच्या कातडीचा खरखरीतपणा त्याने हिरव्याच्या अगणित बारीक ठिपक्यांनी आणलाय. तो सरडा वरच्या फुलपाखराकडे बघतोय. मी पडद्यावर तो मोठा करून पाहतो तेव्हा दर वेळी वाटतं की आता जीभ सुटणार.

मन्सूरची चित्रं किती खरी होती, याचा दाखला त्याच्या मृत्यूनंतर फार उशिरा मिळाला. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये त्याचा सायबेरियन क्रौंच आहे. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी या पक्ष्याची शास्त्रीय नोंद केली १७७३ मध्ये, म्हणजे त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी. आणि मग डोडो. मॉरिशस बेटावरचा न उडणारा पक्षी. १५९८ मध्ये डच खलाशी तिथे उतरले आणि शंभर वर्षांच्या आत तो जगातून नाहीसा झाला. युरोपात त्याची बरीच चित्रं निघाली, बहुतेक गोलमटोल, काही तर एकमेकांवरून उतरवलेली. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला मात्र एक मोगल चित्र आहे, १६२५ च्या सुमाराचं. त्यावर सही नाही, पण जाणकार ते मन्सूरचं मानतात. मध्ये तपकिरी डोडो, भोवती पोपट, हिमालयातला ट्रॅगोपान, पट्टकदंब हंस आणि पखुर्डी. बाकीचे पक्षी इतके अचूक आहेत की जात ओळखता येते, म्हणून मधल्या डोडोवरही विश्वास ठेवावा लागतो. साक्षीदाराच्या बाकीच्या गोष्टी खऱ्या निघाल्या तर त्याची उरलेली गोष्टही धरतात, तसं. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी त्यानंतर थोड्याच वर्षांनी सुरतेला होता. आपण तिथे दोन डोडो पाहिल्याचं त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे हे पक्षी आपल्या किनाऱ्यापर्यंत आले होते, पिंजऱ्यात का होईना.

पिंजऱ्यात का होईना, असं मी सहज लिहून गेलो. पण ते तितकं सहज नाही. मन्सूरसमोर आलेलं बहुतेक जनावर नजराणा होतं किंवा विकत घेतलेलं होतं. ते समुद्र ओलांडून, अर्धमेलं होऊन आलेलं. आणि बादशहाचं काय? ज्याने अहमदाबादच्या मुक्कामात लैला-मजनू नावाच्या सारस जोडीचं मीलन, अंडी, आळीपाळीने उबवणं, पिल्लं बाहेर येणं हे सगळं एखाद्या दाईसारखं टिपलं, त्यानेच आपल्या शिकारीचा हिशेबही लिहून ठेवला. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समोर २८,५३२ जनावरं मारली गेली, त्यातली १७,१६७ त्याच्या स्वतःच्या हाताने. नातू शुजा आजारी पडला तेव्हा त्याने आपल्या हाताने जीव न मारण्याची मन्नत मागितली, तीही याच माणसाने. १६१८ मध्ये इनायतखान नावाचा त्याचा सरदार अफू-दारूने खंगून मरणपंथाला लागला. कातडी आणि हाडं एवढीच उरली होती. जहांगीरने त्याला पालखीतून आणवलं, पाहून थक्क झाला आणि चितारींना म्हणाला, याची तस्वीर काढा. खर्चाला पैसे देऊन निरोप दिला. इनायतखान दुसऱ्या दिवशी वारला. ती दोन चित्रं आज बॉस्टन आणि ऑक्सफर्डला आहेत. मला ती बघवत नाहीत. तरी झीब्र्याकडे बघणारी नजर आणि या मरणाऱ्या माणसाकडे बघणारी नजर एकच आहे, हे नाकारता येत नाही. तिच्यात दया किती आणि कुतूहल किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

जहांगीर गेल्यावर ही आवड तशीच राहिली नाही, पण हात उरले. १७७७ पासून पाचेक वर्षं कलकत्त्यात न्यायाधीश इलायजा इम्पे आणि त्यांची पत्नी मेरी यांच्या बागेत पशुपक्ष्यांचा संग्रह होता. त्यांची चित्रं काढायला पाटण्याचे तीन चितारी ठेवले होते: शेख झैनुद्दीन, भवानी दास, राम दास. तिघांनी मिळून तीनशेवर चित्रं केली. झैनुद्दीनचं खवल्या मांजर पाहा, एकेक खवला वेगळा. कागद विलायती, मालकीण विलायती, आणि आपण पाटण्याचे हे सांगणारा मजकूर चित्रावर. ही चित्रं इम्पे कुटुंबाबरोबर इंग्लंडला गेली आणि १८१० मध्ये लिलावात विकली गेली.

आता पुण्याकडे येतो. ही गोष्ट पुण्यातच राहून मला उशिरा कळली, याची थोडी लाज वाटते. सवाई माधवरावांना जनावरांचा भारी नाद होता. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तिथे वाघ-सिंहांबरोबर एक गेंडाही होता. १७९० च्या नोव्हेंबरात त्या गेंड्याचं चित्र काढलं गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट या पुण्याच्या माणसाने. आडनावावरून घराणं तांब्या-पितळेचं काम करणारं असावं. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो चित्रं काढायचा, वेरूळच्या लेण्यांचीही त्याने काढली. ते गेंड्याचं चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहात आहे. ड्यूररच्या गेंड्याशेजारी ठेवून पाहा. याच्या खांद्यावर जादा शिंग नाही. कातडीच्या घड्या घड्यांसारख्याच आहेत. कारण तांबट त्या जनावरासमोर गेला होता. मन्सूर आणि गंगाराम यांच्यात पावणेदोनशे वर्षं, वेगळा धर्म, वेगळा दरबार. एकाने दुसऱ्याचं नाव ऐकलं असेल असंही वाटत नाही. पण शबीह दोघांची.

त्याच पर्वतीजवळ माझ्या लहानपणी पेशवे पार्क होता. अब्बांच्या खांद्यावरून पाहिलेला पांढरा वाघ आणि फुलराणीची शिट्टी एवढं आठवतं. पुढे तिथली जनावरं कात्रजला गेली.

अभ्यासक म्हणून हा धागा पुन्हा हातात घेणाराही आपल्याच भागातला. मुंबईच्या सालिम अलींनी तरुणपणी, १९२७ च्या सुमारास, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात मोगल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर लेखमाला लिहिली. घरचा माणूस पुसून टाकलेल्या पाटीवरची अक्षरं वाचतो, तशी ती मला वाटते.

हे सगळं मी त्या पालकांना सांगितलं का? एवढं नाही. पुढच्या पालकसभेला त्यांना थांबवलं आणि फक्त दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे अबुल फजलने नोंदवलेलं अकबराचं म्हणणं: जिवाचं चित्र काढणाऱ्याला पदोपदी कळतं की आपण अवयव जोडतो, पण प्राण घालू शकत नाही, म्हणून त्याला प्राण देणाऱ्याची आठवण इतरांपेक्षा जास्त होते. हे ऐकून ते हसले. "बादशाह लोग सर, उनका क्या, कुछ भी बोलेंगे." बरोबरच आहे, अकबराचा दाखला आमच्या लोकांना पटवायला फारसा उपयोगी नाही! मग मी मोबाइलवर झीब्रा दाखवला आणि त्या तपासणीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ बघत राहिले. डोळ्याभोवतीची रेघ त्यांनीच मोठी करून पाहिली. म्हणाले, "ये तो गवाही हुई." मी त्यात काही भर घातली नाही.

हिवाळ्यात सहावीची सहल कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात नेली. मुलांना सांगितलं, सगळे पिंजरे पळत पाहायचे नाहीत. एक जनावर निवडा, अर्धा तास त्याच्यासमोर बसा, दिसेल ते लिहा. ज्याला काढायचं त्याने काढा, ज्याला नको त्याने लिहा. मोजून नऊ मुलांनी काढलं. त्या मुलीने सांबर निवडलं. सांबर एकसारखं हलत होतं, त्यामुळे तिच्या कागदावर सात-आठ अर्धवट तोंडं होती आणि खाली एक पुरं. पुऱ्या चित्रात डावा कान टोकाशी फाटलेला होता.

बस शाळेत परतली तेव्हा अंधारत आलं होतं. वडील फाटकापाशी स्कूटर लावून उभे होते. तिने कागद त्यांच्या हातात दिला आणि मी श्वास रोखून पाहत राहिलो. त्यांनी तो हेडलाइटसमोर धरला, कानावर बोट ठेवलं आणि तिला विचारलं, "ये कान सच में फटेला था, के तूने ऐसाच बनाया?"

"सच में फटेला था, अब्बा. सर को पूछो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कागदाची घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला आणि स्कूटरला किक मारली.